डाव्या बाजूचे शब्द

चार भोकं. स्क्रू काढून घेतल्यावर राहिलेली, मोहरीएवढी, आणि त्यांच्या मधोमध कडीच्या आकाराचा एक फिकट पट्टा – बाकीचं दार वर्षानुवर्षांच्या वाफेनं काळवंडलेलं, तेवढीच जागा नव्यासारखी. प्रांजल न्हाणीत पाटावर बसून त्या भोकांकडे बघत होती. तांब्या हातात तसाच राहिला होता.

"बोल गं," बाहेरून तानुबाई म्हणाल्या.

"बोलते, आत्या."

सासूला ती आत्याच म्हणायची. अंघोळ करताना तोंड बंद ठेवायचं नाही, हा या घरातला नियम होता. आवाज थांबला की तानुबाई दार ढकलून आत येणार – आल्याही होत्या दोनदा, आणि दोन्ही वेळा प्रांजल नुसती विचार करत बसली होती, अंगावर कपडा नसलेली, आणि तिला वाटलं होतं की यापेक्षा झटका आला असता तर बरं झालं असतं. सुरुवातीला ती पाढे म्हणायची. मग एक दिवस आपसूक हजेरी घ्यायला लागली. नववी ब, चव्वेचाळीस मुलं, तिचा शेवटचा वर्ग. ती मुलं आता कॉलेजात गेली असतील, कुणी भरतीसाठी वडूजच्या मैदानावर पळत असेल, पण न्हाणीत ती रोज सकाळी बाकावर बसलेली असायची.

"पंचवीस अंकिता, सव्वीस पूजा, सत्तावीस पृथ्वीराज, अठ्ठावीस…"

अठ्ठावीस. चेहरा दिसत होता, कान दिसत होते, वहीच्या कव्हरवर पेनानं काढलेला ट्रॅक्टर दिसत होता. नाव नव्हतं. जिथं नाव असायचं तिथं नुसतं गुळगुळीत काहीतरी…

"अठ्ठावीस वीरधवल," बाहेरून तानुबाई म्हणाल्या. "आन् फुडं?"

अक्षरओळख नसलेल्या बाईनं रोज ऐकून ऐकून अख्खा हजेरीपट पाठ केला होता. प्रांजलला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी अंगावरचं पाणी एकदम गार झालं. नाव कुठं गेलं? आत्ताच जातायत का? मग नंतर काय होईल?

नंतर म्हणजे ऑपरेशननंतर. आज शुक्रवार, शाळेत रजा टाकलेली. पाच वाजेपर्यंत पुण्याच्या हॉस्पिटलला फोन करून सांगायचं होतं – तारीख ठेवा, किंवा नको.

तिचा आजार तसा बघणाऱ्याला आजारासारखा वाटायचाच नाही. ती पडत नाही, तोंडाला फेस येत नाही. पोटातून काहीतरी वर चढत येतं, समोरचं सगळं पूर्वी एकदा घडून गेलंय असं वाटतं, इतकं ओळखीचं की पुढचं वाक्य आता जिभेवर येणार… आणि मग दोन मिनिटं नसतात. ती दोन मिनिटं दुसऱ्यांकडे असतात. ओठ चाटत होतीस, पदर चिवडत होतीस, हाक मारली तर बघत होतीस पण ओळखत नव्हतीस. माझ्या आयुष्याचे असे कितीतरी तुकडे लोकांकडे आहेत, मला फक्त ते सांगतात. वर्गात झालं तेव्हा ती भानावर आली ती तोंडात खडूची चव घेऊनच. चव्वेचाळीस मुलं गप्प. पुढच्या बाकावरची एक मुलगी रडत होती. मुख्याध्यापक फार चांगले, त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, बाई, तुम्ही आता लायब्ररी सांभाळा. तेव्हापासून ती पुस्तकांवर नंबर घालते. शाळेत न्यायला-आणायला तानुबाई.

गोळ्या तीन प्रकारच्या झाल्या. महिन्यातून चार-पाच वेळा व्हायचं ते होतच राहिलं. मग पुणं. डोक्याला वायरी चिकटवून पाच दिवस कॅमेऱ्यासमोर – झटका यावा म्हणून गोळ्या कमी केलेल्या, आणि तिन्हीसांजेला तो आला तेव्हा तानुबाई घाईघाईनं नर्सला बोलावायचं बटण दाबायला धावल्या. एमआरआयमध्ये डाव्या कानशिलाच्या आत जुना व्रण निघाला. लहानपणी तापात झटके आले होते का, डॉक्टरबाईंनी विचारलं. आले होते. माहेरी आटपाडीला, दीड वर्षाची असताना. आई सांगायची.

मग चित्रं दाखवून नावं विचारण्याची परीक्षा झाली. कंगवा, शिडी, कुलूप, नांगर… तिनं जवळजवळ सगळी धडाधड सांगितली, गोष्ट ऐकून जशीच्या तशी परत सांगितली, आणि शाळेत पहिला नंबर आल्यासारखी खूश झाली. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत.

"तुमचा व्रण डाव्या बाजूला आहे, आणि तुमची शब्दांची स्मृती अजून चांगली आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तुमच्याकडे गमावण्यासारखं जास्त आहे. तेवढा भाग कापून काढला की शंभरातल्या साठ-सत्तर जणांचे झटके थांबतात. पण नावं आठवायला, वाचलेलं लक्षात ठेवायला त्रास होऊ शकतो. किती, ते आधी नेमकं सांगता येत नाही."

"आणि नाही केलं तर?"

"तर झटके चालू राहतील. तेही स्मृती खातातच, सावकाश. आणि क्वचित एखाद्या मोठ्या झटक्यात जीवही जातो. आता चौथी गोळी लागू पडेल ही आशा मी तुम्हाला दाखवणार नाही."

म्हणजे थोडी बिघडलेली असते तर सोपं होतं. चांगली आहे म्हणून अवघड. केलं तर एकदम जाईल, नाही केलं तर हळूहळू… दोन्हीकडे जातच आहे, आणि मी मध्ये उभी, आणि सगळे म्हणतात तू ठरव.

अकरा वाजता नवऱ्याचा, मानसिंगचा फोन आला. तो तिकडं तमिळनाडूत, सेलमला गलाईच्या दुकानात असतो, सोनं वितळवतो. मागं भट्टीचा आवाज येत होता.

"काय ठरलं?"

"तुम्ही सांगा ना."

"मी काय सांगू? डोकं तुझं हाय." मग मऊ आवाजात, "हो म्हणालीस तर मी सुट्टी टाकतो. न्हाई म्हणालीस तरी माझं काय म्हणणं न्हाई. पण आई थकलीय गं."

तेवढं शेवटचं वाक्य फोन ठेवल्यावरही कानात राहिलं.

दुपारी सोप्यात दोघी बाजरी निवडत बसल्या. तानुबाईंची बोटं ताटात, डोळे प्रांजलवर. खडा असा न बघताच सापडतो त्यांना.

"आत्या, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"तरी."

तानुबाईंनी ताट खाली ठेवलं. "मी तुज्याएवढी व्हते तवा मेंढरांमागं कोकणापतूर चालायची. दिवाळी झाली की निघायचं. पाठीवर पोर, घोड्यावर बिऱ्हाड. एका जागी दोन रात्री न्हाई काडल्या कवा. आता तीन सालं झाली, लेकीच्या, साळूच्या घरी मायणीला सुदिक गेले न्हाई. तिला दुसरं बाळ झालं, मी फोटूत बघितलं."

"मी कधी नका जाऊ म्हणाले?"

"तू न्हाई म्हनलीस. पर जाऊ कशी? तू चुलीवर पडलीस तर? हिरीवर गेलीस तर?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मलाबी लय कटाळा आलाय, पोरी. तुजा न्हाई… ह्या बघत बसन्याचा. राती सपनातबी म्या दाराशी बसल्याली असते. ह्ये बोलू ने. तू माज्यासाटी डोस्कं फोडून घिऊ नको."

प्रांजलला राग यायला हवा होता, ती त्याची वाट बघत राहिली. इतकी वर्षं तिला वाटायचं, आपण आत आणि ह्या बाहेर. पहारेकऱ्यालाही दार सोडून जाता येत नाही, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. पण मग हे ओझंही आता माझ्याच पारड्यात का? एका बाजूला माझे शब्द, दुसऱ्या बाजूला हिचं मायणीला जाणं… नको, असं नाही मोजायचं. पण मोजलं जात होतं.

पावणेपाचला तिनं फोन लावला.

"घरचं कुणी आहे का तुमच्या जवळ?" पलीकडच्या मुलीनं विचारलं. "निर्णयाचं त्यांच्याशीच बोलते."

"पेशंट मी आहे," प्रांजल म्हणाली. स्वतःचा वर्गातला आवाज तिला किती दिवसांनी ऐकू आला. "मला डॉक्टरबाईंना अजून एकदा भेटायचंय. एकटीला. कुठून कुठपर्यंत काढणार, कमी काढता येतं का, हे मला चित्रावर दाखवून पाहिजे. तोवर तारीख धरून ठेवा."

"डॉक्टर सोमवारी भेटतील, तोवर तारीख धरता येईल. त्यानंतर दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल."

"सोमवार चालेल."

फोन ठेवला. तानुबाई बघत होत्या. हो की नाही, त्यांना कळलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं तिच्याजवळही काही नव्हतं.

"आत्या, मायणीची गाडी आहे साडेपाचची. जाऊन या. उद्या सकाळी परत या."

"आन् तू?"

"शेजारच्या काकूंना सांगते, झोपायला या म्हणून. तोवर चूल पेटवत नाही, हिरीवर जात नाही. इथं सोप्यात बसून राहते."

"काय तरीच बोलू नको."

"बाळाला बघून या."

तानुबाईंनी दोनदा पिशवी भरली, दोनदा रिकामी केली. मग निघाल्या. फाटकापर्यंत चार वेळा मागं वळून बघितलं, पाचव्यांदा मात्र वळल्या नाहीत, आणि त्यांची चाल बदललेली प्रांजलला इथूनही दिसली – लांब, झपाझप, कधीतरी डोंगर चढलेल्या बाईची.

काकूंना फोन करून झाला होता; त्या यायला अजून तास-दीड तास होता. ती भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसली. घरात तिचं ऐकणारं कुणी नव्हतं. बाजरीच्या ताटात एक मुंगी फिरत होती, बाहेर कुणीतरी मोटार चालू केली. आत्ता झटका आला तर कुणाला कळणारही नाही, ती दोन मिनिटं कुणाकडेच असणार नाहीत… आणि तरीही तिला उठून काकूंकडे जावंसं वाटेना. सोमवारी काय म्हणू, माहीत नाही. पण ही भीती आता तिची एकटीची होती, आणि या एकटेपणाची आपल्याला इतकी भूक होती, की त्यासाठी आपण काय काय, अगदी आपले शब्दसुद्धा, देऊन बसू, या विचारानं ती पहिल्यांदाच खरी घाबरली.