तेलाचे बोळे

मच्छिंद्रने आधी गाडीला हात लावलाच नाही. त्याने वसंताचा पाय धरला. किकवरचा तो पाय खाली येणार, एवढ्यात त्याने खाली वाकून वसंताच्या पोटरीलाच मिठी मारली.

"मारू नको! आत पाणी हाय. एका किकेत कनेक्टिंग रॉड वाकंल, मंग बस रडत."

वसंता ओशाळून खाली उतरला. गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नुकतीच उतरवली होती आणि तिच्यातून पूर्णेचं पाणी मंठ्याच्या बसस्टँडामागे, मच्छिंद्रच्या गॅरेजसमोरच्या मातीत अजून ठिबकत होतं. मूळची ती यामाहा. वसंताने तिचे मडगार्ड उतरवले, सायलेन्सर वर उचलला, खोल खाचांची टायरं चढवली आणि तिला चिखलातल्या शर्यतीची करून टाकलं. रविवारी जालन्याला शर्यत होती. आज शुक्रवार.

"काल दिवस मावळता मळ्यात लावल्ती, नदीच्या उतारावर," वसंता सांगू लागला. "स्टँड खचलं असंल. सकाळी पाह्यलं तं गाडी डोहात. चौघांनी दोर लावून काढली. मिस्त्री, परवापर्यंत होईल ना?"

"परवा?" मच्छिंद्रला ते लागलं. "आज चार वाजता चालवत घेऊन जा."

विहिरीत पडलेल्या, कॅनॉलमध्ये गेलेल्या गाड्या त्याने उठवल्या होत्या. त्याच्या दारातून कुणी गाडी ढकलत परत नेली नव्हती, आणि ही गोष्ट दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे.

वसंताची आई द्वारकाबाई ट्रॉलीतूनच आली होती. गॅरेजवर ती याआधी कधी आली नव्हती. मच्छिंद्रने एक जुनं टायर झटकून दिलं, त्यावर ती गुडघे जवळ घेऊन बसली. गेल्या साली औरंगाबादच्या शर्यतीत वसंता पडला, तेव्हा तीन दिवस तो शुद्धीवर नव्हता. ते तीन दिवस ती दवाखान्याच्या व्हरांड्यात अशीच बसून होती, हे साऱ्या गावाला माहीत होतं. खांद्यात स्टीलची पट्टी घालून पोरगा घरी आला आणि दोन महिन्यांत पुन्हा गाडीवर बसला.

मच्छिंद्रने प्लग काढला. दोघांनी मिळून गाडी उलटी केली, चाकं वर. त्याने हातानेच किक हळूहळू फिरवली. प्लगच्या भोकातून धार लागेल असं त्याला वाटलं होतं. आलं ते वाटीभर पाणी. त्यात गाळाचा कणही नव्हता. त्याने पेट्रोलचा कॉक पाहिला, बंद होता. गिअर पाहिला, न्यूट्रलमध्ये होता.

"उतारावर न्यूट्रलमध्ये लावल्ती का रे?"

"छ्या! मी कायम गिअरातच लावतो."

मच्छिंद्रने गाडीकडे पुन्हा एकदा पाहिलं. त्याने वसंताला नवा प्लग आणि ऑईल आणायला मोंढ्याकडच्या दुकानात पिटाळलं. मग सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं. बोट मऊ कशाला तरी लागलं. पक्कडीने धरून त्याने ओढलं, तर हातभर फडकं बाहेर आलं, घट्ट वळलेलं. फिल्टरच्या डब्यात तसाच दुसरा बोळा. त्याने तो नाकाशी नेला. पेट्रोलचा वास नाही, ग्रीसचा नाही. घरच्या करडीच्या तेलाचा वास होता.

त्याने मान वर केली. द्वारकाबाई रस्त्याकडे पाहत होती.

"मावशी, हे तुमचं काम?"

तिने पदर सावरला. मग हळूच म्हणाली, "बियाचं मडकं असंच बांधतेत बाबा. तेलाच्या फडक्यातून पाणी आत जात न्हाई."

"ते समजलं. पण मंग बुडवली काहून?"

"ऐतवार टळावा म्हणून. लई सांगून पाह्यलं, ऐकत न्हाई. पहाटं एकटीनं लोटली. तू गाडी उठवशील हे ठावं होतं मला, आख्खा तालुका सांगतो. पण आठ दिवस तरी लागतील वाटलं." तिने कपाळाला हात लावला. "तू तं चारलाच द्यायला निघाला."

मच्छिंद्रला हसू आलं आणि लगेच विरलं. बोळे नसते तर गाळ थेट बेअरिंगपर्यंत गेला असता, अख्खं इंजिन खोलावं लागलं असतं आणि खरोखरच आठ दिवस गेले असते. गाडी बुडवतानाही या बाईला तिचा नास करवला नव्हता, आणि या जपण्यानेच तिचा सगळा डाव उधळला होता.

वसंता ऑईल घेऊन आला तेव्हा बोळे मच्छिंद्रच्या खिशात होते. गिअरबॉक्समधलं दुधाळ झालेलं ऑईल त्याने सोडलं, रॉकेलने आत खळबळून काढलं, नवं भरलं. कार्बोरेटर उघडून त्याच्या बारीक जेटमधून तोंडाने फुंकर मारली. मॅग्नेटचं झाकण काढून कोरड्या फडक्याने टिपलं. गाडी उठू नये असं आज त्याला मनापासून वाटत होतं, पण हातांना ते शिकवायचं कसं? वीस वर्षं त्यांना एकच गोष्ट ठाऊक होती. चौथ्या किकेला इंजिन खोकलं, पांढऱ्या धुराचा लोट टाकला आणि ठणठणीत चालू झालं. चाराला दहा मिनिटं कमी होती.

वसंताने त्याला मिठीच मारली. मच्छिंद्रने कान इंजिनाकडे नेला, उगाच ऐकल्यासारखं केलं आणि तो सरळ उभा राहिला.

"घरी जाय, मळ्यात जाय. पण शर्यतीत पळवू नको. बेअरिंगात गाळ राह्यला. माझ्याच्यानं निघाला न्हाई."

हे वाक्य त्याने जन्मात उच्चारलं नव्हतं. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

"निघाला न्हाई?" वसंताचा चेहरा पडला, मग आवाज चढला. "एवढ्या बाता मारता अन् आता असं! सकाळीच सांगायचं व्हतं ना. जालन्याला नेली असती. तिथं मिस्त्री हायेत, खरे."

मच्छिंद्र फडक्याने हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"वसंता." द्वारकाबाई उठून उभी राहिली होती. "त्याच्या कामात खोट न्हाई. गाडी बराबर हाय. तो माझ्यासाठी खोटं बोलून राह्यला. डोहात मी लोटली."

इंजिन चालूच होतं. वसंताने आधी आईकडे पाहिलं, मग मच्छिंद्रकडे. मच्छिंद्रने खिशातून दोन्ही बोळे काढून सीटवर ठेवले. वसंताने एक उचलला, बोटांनी दाबला. तेल बोटांना लागलं.

"लोटायचीच व्हती तं हे काहून घातलं?"

"तुझा जीव हाय तिच्यात. तिला मराया थोडीच लोटली मी." तिचा आवाज चढला नाही, फक्त कापला. "ती वाचावी म्हणून बोळे घातले. तुला कुठं घालू, सांग?"

रस्त्याने एक एसटी गेली. वसंताने तेलाची बोटं पँटला पुसली. मग त्याने हात लांबवून इंजिन बंद केलं, आणि गॅरेज एकदम मोकळं वाटलं.

"मिस्त्री," तो खाली पाहत म्हणाला, "मागचं पायदान असंल का एखादं? जुनं चालंल. वजन कमी करायला दोन्ही काढून फेकल्ते मी. माय मागं बसली तं तिला पाय ठेवायला काही न्हाई."

मच्छिंद्रने भंगाराच्या पेटीत हात घातला. यामाहाची जोडी मिळाली, एकाचं रबर झिजलेलं. ती घेऊन तो गाडीशेजारी उकिडवा बसला.

"कच्चं आवळू का पक्कं? परवा शर्यतीसाठी पुन्हा काढायचं असंल तं तसं सांग."

द्वारकाबाईने श्वास धरला होता. वसंताने हातातला बोळा खिशात घातला.

"पक्कं," तो म्हणाला.

मच्छिंद्रने चौदाचा पाना लावला आणि त्या दिवसातलं सगळ्यात किरकोळ काम अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावून केलं.