थर्माकोलचा कमोड

आमच्या कॉलेजात जगातल्या सगळ्या दुःखांसाठी मिळून एक मंडळ आहे. जागतिक प्रश्न मंडळ. कधी व्हेल मासे, कधी वितळणारे हिमनग, कधी कुठल्याशा वाळवंटातल्या शाळेत न जाणाऱ्या मुली. दर महिन्याला एक दुःख येतं, त्याच्या रंगाची फीत छातीवर लागते, फोटो निघतात आणि फीत उतरते. मीही त्या मंडळात आहे. मला घेतलं ते माझ्या तोंडामुळे. मी नकला करते, चारचौघांत बोलता बोलता हसवते. दुःखाच्या कार्यक्रमाला लोक बसवून ठेवायचे तर मधूनमधून हसवणारं कुणीतरी हवं, असं मंडळाच्या मॅडमचं म्हणणं. त्यामुळे सूत्रसंचालन कायम माझ्या गळ्यात.

या वेळी शौचालय दिन होता. जगात कितीतरी माणसांना धड संडास नाही, बायका अंधार पडायची वाट बघत दिवस काढतात, त्याचा हा दिवस. मी आधीच सांगून ठेवते, हा प्रश्न खोटा नाही. खोटा असता तर मला एवढा राग आलाच नसता.

मंडळाचा सेक्रेटरी साधं 'चहा घेऊ या' हे वाक्यही मोर्चातल्यासारखं म्हणतो, म्हणून त्याला सगळे घोषवाक्य म्हणतात. या घोषवाक्याच्या डोक्यातून कल्पना निघाली की मंचावर थर्माकोलचा कमोड उभा करायचा. माणसाच्या उंचीचा, चकचकीत पांढरा, झाकणावर अख्ख्या जगाचा नकाशा. मंडळातली पोरं चार दिवस वर्ग बुडवून त्यावर राबली. छान झाला होता, खोटं कशाला बोलू. पण वर्गात ठेवला तर कुणीतरी त्यावर नावं कोरणार, गच्चीवर ठेवला तर रंग उडणार. मग घोषवाक्याला जिन्याखालची जागा सापडली. आडोशाची, कडी असलेली, 'कुणी वापरत नाही' अशी. त्याने आणि आणखी दोघांनी तो कमोड आडवा करून आत घातला, उरलेले बोर्ड आणि रंगाचे डबे त्याच्या बाजूला रचले आणि बाहेरून कुलूप लावलं.

ती जागा म्हणजे संडास होता. कॉलेज झाडणाऱ्या-पुसणाऱ्या बायकांचा एकुलता एक संडास.

आता हे नीट सांगायला हवं. आमच्या कॉलेजात प्रत्येक मजल्यावर संडास आहेत. एकावर पाटी 'फक्त विद्यार्थी', दुसऱ्यावर 'फक्त शिक्षक'. धुणाऱ्या बायका दोन्ही धुतात आणि दोन्ही वापरत नाहीत. पूर्वी कधीतरी कुठल्याशा मुलीने तक्रार केली होती की ह्या बायका आमच्यात येतात. तेव्हापासून मुकादमाने त्यांना जिन्याखालचा, दिवा नसलेला, नळ ठिबकणारा तो एक नेमून दिला. हा काही लिहिलेला नियम नाही. पण एखादी चुकून वरच्यात गेली तर मुकादम सगळ्यांसमोर तिची अशी काही हजेरी घेतो की ती पुन्हा तिकडे फिरकत नाही.

त्या चार बायकांत माझी आत्या आहे.

कॉलेजात ती सगळ्यांची मावशी. 'मावशी, इथे चहा सांडलाय,' 'मावशी, फळा राहिला.' फक्त मी तिला आत्या म्हणते, कारण ती खरोखरच माझ्या वडिलांची धाकटी बहीण आहे. मला कळायला लागल्यापासून मी तिच्याजवळ वाढले. माझी जीभ तिच्याकडून आली आहे. नकला करायला मी तिच्याकडेच शिकले. मुकादमाची चाल, मॅडमचं 'यू नो', घोषवाक्याचं हात वर करून पाणी मागणं, ती संध्याकाळी घरी आली की स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून सगळं कॉलेज माझ्यासमोर उभं करते.

तर त्या संध्याकाळीही ती आली, चपला काढल्या आणि दारातच म्हणाली, "ऐकलंस का गं? आमच्या संडासात संडास बसलाय. आता त्याची झाली की आमचा नंबर."

मी इतकी हसले की मला ठसका लागला. ती पुढे रंगवतच गेली. लिफ्टजवळ काम करणारी तिची मैत्रीण दाराला कान लावून कशी म्हणाली, 'अहो, आटपा लवकर.' तिसऱ्या मजल्यावरची थोरली बाई कशी म्हणाली, 'बद्धकोष्ठ दिसतंय, कार्यक्रमापर्यंत काही बाहेर येत नाही.' माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, तर तिने त्यातलं घोटभर घेतलं आणि पेला ओट्यावर सरकवून दिला.

"मग तुम्ही जाता कुठे?" मी विचारलं.

"रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर. पण तिथला तो नळीवाला मेला दात काढून बघत बसतो. म्हणून सोपं केलंय. पाणीच प्यायचं नाही. टाकीत नाही तर नळ कशाला लागतोय?"

हाही विनोदच होता. तिने तसाच टाकला आणि मीही अर्धवट हसले.

चार दिवसांनी तिला थंडी वाजून ताप भरला. कंबर धरून वाकत चालत होती. मी तिला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? आत्या म्हणाली, "डॉक्टर, आम्ही उंटाच्या घराण्यातले." डॉक्टर हसले. मग तपासणीचा कागद आल्यावर त्यांचं हसू गेलं. म्हणाले, लघवीचा संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत चढलाय. भरपूर पाणी प्यायचं, एकदाही रोखून धरायचं नाही, नाहीतर पुढच्या आठवड्यात इथे खाटेवर भेटू. "हा उंटाचा विनोद तुमच्या किडनीला कळत नाही," असं म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "कळत नाही म्हणे. माझ्या पोटात राहून काय उपयोग!" मी हसले नाही. तिला ते आवडलं नाही, ती रिक्षात माझ्याकडे पाठ करून बसली.

मला राग नेमका कशाचा आला होता, ते मला रिक्षात उमगलं. आमच्या घरात सगळंच हसण्यावारी नेलं जातं. पाय मुरगळला, हसा. मुकादम ओरडला, त्याची नक्कल करा. तिने मला हे इतकं छान शिकवलं की मला वाटायचं, आपण फार खंबीर आहोत. पण तिच्या विनोदाने त्या मुकादमाचं काय वाकडं झालं होतं? काहीच नाही. तो सुखाने झोपत होता. तिच्या विनोदाचा सगळा फायदा त्यालाच होत होता, कारण हसणारी बाई भांडत नाही.

आत्याला घरी सोडून मी तशीच मंडळाच्या खोलीत गेले. भिंतीवर जगाचा नकाशा, त्यावर लाल टाचण्या. जिथे जिथे संडास नाहीत तिथे एक टाचणी. मॅडम होत्या, घोषवाक्य होता, भित्तिपत्रकं चिकटवणाऱ्या दोघी-तिघी होत्या. मी घोषवाक्याला म्हटलं, "जिन्याखालच्या संडासाची किल्ली दे. तो बायकांचा संडास आहे. माझी आत्या आजारी पडली आहे."

सगळे हसले. वाईट मनाने नाही हं. मी तोंड उघडलं की हसायचं, ही त्यांना सवयच होती.

"थांब थांब," घोषवाक्य म्हणाला, "शौचालय दिनासाठी शौचालय बंद! काय जबरदस्त आहे हे. यावर नाटुकलं कर ना. मावशीचं पात्र घे, तू करशील भारी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी नाटुकलं सांगत नाहीये. तिला ताप आहे. किल्ली दे."

मॅडमनी चष्मा काढला. त्या वाईट बाई नाहीत, आमच्या परीक्षेच्या वेळी घरून कॉफी आणतात. म्हणाल्या, "अगं, मला खरंच माहीत नव्हतं. पण आता तो बाहेर काढला तर ठेवणार कुठे? कार्यक्रमाच्या पाहुण्या परवा येणार. दोनच दिवसांचा प्रश्न आहे, यू नो. तोवर करतील त्या कसंतरी. सवय असते त्यांना. आणि हे बघ, आम्ही त्यांचा सत्कारच करतोय की. चौघींचाही, मंचावर बोलावून."

सवय असते त्यांना. मी त्या टाचण्यांकडे बघितलं. दूरच्या देशांत भरगच्च लाल होतं. आमच्या शहराच्या जागी एकही नव्हती. डब्यातली एक टाचणी उचलून मी आमच्या शहरावर दाबली आणि बाहेर पडले. मागून घोषवाक्य म्हणाला, "तिथे नाही गं, लांबच्या देशांत लावायच्या त्या!"

आत्याला मी घरी थांब म्हणून हजारदा विनवलं. पण सत्काराला हजर राहिलंच पाहिजे, असं मुकादमाने बजावलं होतं. मंडळाने तसं कळवलं होतं म्हणे. त्या दिवशी सकाळी कमोड बाहेर काढून मंचावर नेला, तेव्हा मला वाटलं, चला, निदान आता सुटल्या. जिन्याखाली जाऊन बघते तर कुलूप तसंच. आत अजून रंगाचे डबे आहेत, कार्यक्रम झाल्यावर बघू, असं म्हणून घोषवाक्य पाहुण्यांना आणायला गेला होता. किल्ली त्याच्या खिशात.

सभागृह गच्च भरलं. मी माईकपाशी उभी होते. मंचाच्या मधोमध तो कमोड दिव्यांत चमकत होता. पाहुण्या आल्या, आकडे सांगून बोलल्या, चांगलं बोलल्या. मी मधल्या जागा भरत होते, पण एकही विनोद केला नाही. तरी लोक सवयीने हसायला तयार बसले होते. मी नुसतं 'यानंतर' म्हटलं तरी मागच्या रांगेतून खिदळणं यायचं.

मग सत्कार. चौघी निळे एप्रन घालून वर आल्या. आत्याचा चेहरा ओढलेला होता, पण पोरांनी टाळ्या वाजवल्या तशी तिने हात हलवून दाखवला. पाहुण्यांनी एकेकीला फुलं दिली आणि स्टीलची पाण्याची बाटली दिली, भरलेली. बाटलीवर छापलं होतं, 'भरपूर पाणी प्या, निरोगी राहा.' पाहुण्या प्रेमाने म्हणाल्या, "मावशी, सगळ्यांची काळजी घेता, आता स्वतःचीही घ्या. पाणी पीत जा." आणि त्यांनी माईक आत्यासमोर धरला. "दोन शब्द बोला ना."

मला माहीत होतं आता काय होणार. ती उंट म्हणणार, लोक सभागृह डोक्यावर घेणार आणि सगळे खूश होऊन घरी जाणार. तिने बाटलीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी हसत नव्हते.

"पिईन की," आत्या म्हणाली. "आधी किल्ली द्या."

सभागृह फुटलं. टाळ्या, शिट्ट्या. पाहुण्यांनाही हसू आलं, कसली किल्ली ते न कळताच. आत्या हात पुढे करून तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा लोक हसत असताना ती हसत नव्हती.

मी माझा माईक तोंडाशी धरला. "हसू नका. ती विनोद करत नाहीये."

त्यावर ते आणखी हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडलेच. "हा कमोड तुम्ही यांच्या संडासात कोंडून ठेवला होता! या चौघींना इतके दिवस जायला जागा नव्हती. माझी आत्या त्याने आजारी आहे. या क्षणीही त्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली तिथे उभ्या असलेल्या सेक्रेटरीच्या खिशात आहे. आता हसा."

हसणं एकदम थांबलं नाही. पुढच्या रांगेत आधी थांबलं, मग मधल्या. मागे एकजण बराच वेळ एकटाच हसत होता, मग त्यालाही कळलं.

घोषवाक्य खिसे चाचपू लागला. त्याचे कान लाल झाले होते. तो मंचावर आला आणि त्याने किल्ली आत्याच्या हातात ठेवली. तिने फुलं मॅडमच्या हातात दिली, कारण त्या जवळ उभ्या होत्या. मागच्या तिघींनीही दिली. मॅडमच्या हातांत ती मावेनात. चौघी पायऱ्या उतरल्या आणि मधल्या वाटेने बाहेर गेल्या, आत्या कंबरेवर हात धरून, सगळ्यांत पुढे.

मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पुढचं घे, पुढचं घे."

"त्या येईपर्यंत थांबू या," मी माईकवर म्हटलं.

आणि आम्ही थांबलो. संडास एक आणि बायका चार. जिना सभागृहाच्या दाराबाहेरच होता, त्यामुळे आधी डबे बाहेर काढल्याचे आवाज आले, पत्र्यावर पत्रा. मग कडीचा आवाज, मग नळाचा, मग पुन्हा कडीचा. कुणीतरी खोकलं. पाहुण्या खुर्चीत बसून कमोडवरच्या त्या जगाच्या नकाशाकडे बघत राहिल्या. एवढ्या वेळात मला भरायला कितीतरी जागा होती. मी एक शब्द बोलले नाही.

शेवटी त्या आल्या. आत्या एप्रनला ओले हात पुसत पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि बाटलीचं झाकण उघडून सगळ्यांसमोर ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.