समुद्र न पाहिलेला खांब

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: मी उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही. मी इंग्लंडातल्या सफोकमधल्या एका विणकराच्या जुन्या लाकडी घराचा कोपऱ्यातला खांब आहे. जात ओकची. वरचा मजला माझ्या डोक्यावर टेकलेला आहे. आणि तरीही परवापरवापर्यंत रोज सकाळी घर दाखवणाऱ्या मिसेस विनिफ्रेड कॅचपोल माझ्यावर थाप मारून पाहुण्यांना सांगायच्या, हा बुडालेल्या जहाजातून आणलेला बरं का! माझ्या अंगावरच्या रिकाम्या खाचा पुरावा म्हणून दाखवायच्या. पाहुणे आ वासायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अहो, त्या खाचा इथल्याच एका पाडलेल्या भिंतीच्या आहेत! मी चर्चमागच्या रानात वाढलो. ह्यू नावाच्या सुताराने मला ओला असतानाच तासला, कारण ओला ओक हत्याराचं ऐकतो, वाळला की हटून बसतो. त्याने सगळा सांगाडा आधी अंगणात आडवा जुळवला, सांध्यासांध्यावर खुणा कोरल्या आणि मग उभा केला. सांध्यांत एक खिळा नाही, नुसत्या लाकडी खुंट्या. मी वाळत गेलो तशी त्यांची पकड आणखी घट्ट झाली. भिंती म्हणजे विणलेल्या काठ्या आणि त्यावर माती, शेण, पेंढा. दर वसंतात घरच्या बायका माझ्यासकट सगळ्याला चुना फासत. पावसात मी भिजे, वाऱ्यावर वाळे. खाली दिवसभर माग खडखडत असे. फार सुखाचे दिवस होते ते.

मग शहाणे आले. जुनं घर काळंपांढरंच शोभतं म्हणून एकाने मला डांबर फासलं. दुसऱ्याला फटींतून येणारा वारा सोसेना, त्याने बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला. गावाने त्याची पाठ थोपटली. पण सिमेंटला तडे गेले, तड्यांतून पाणी शिरलं आणि त्याला बाहेर पडायला वाटच उरली नाही. मी आतल्या आत भिजत राहिलो आणि माझा पाय कुजू लागला.

आता या बाईंचं ऐका. घरावर जीव आहे त्यांचा, नाही म्हणत नाही. दर सोमवारी मला मेण लावून चकाकवायच्या. वर मेण आणि खाली चिखल, असली ही माया! यंदाच्या वसंतात थाप मारताना आवाज पोकळ आला. पाहुणे गेल्यावर त्या वाकल्या आणि छत्रीचं टोक माझ्या पायात खुपसलं. ते लोण्यात शिरावं तसं आत गेलं. त्या लगेच घराच्या समितीचे अध्यक्ष सिरिल थर्लो यांच्याकडे गेल्या. थर्लो म्हणाले, हंगाम आहे, आत्ता घर बंद केलं तर पाहुण्यांच्या बसगाड्या शेजारच्या गावाला जातील त्या कायमच्या, ऑक्टोबरमध्ये बघू. आणि बाईंनी ऐकलं! माझ्या पायापुढे माहितीपत्रकांची मांडणी सरकवली आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या खांबावर थाप मारायला लागल्या.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी मी गप्प बसलो असतो. पण शाळेची सहल आली की मुलांना वरच्या मजल्यावर नेऊन एकदम उडी मारायला लावायची ही बाईंची जुनी खोड. जहाजाचं लाकूड किती दणकट ते कळावं म्हणे! जून महिन्यातल्या एका पावसाळी सकाळी अशीच मुलं वर चढली. खाली मी कुजलेल्या पायावर उभा. किती ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला तोंड कुठलं? मुलांनी उडी मारली आणि मी करकरत बोटभर खचलो. कोपऱ्यातला गिलावा ढासळला. मुलं खिदळली, पुन्हा पुन्हा म्हणू लागली.

बाईंनी मात्र तो आवाज ओळखला होता.

"कोणी हलायचं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता एकेकाने, भिंतीला धरून, खाली उतरा."

शेवटचं मूल बाहेर पडलं तेव्हा कुठे त्या उतरल्या. तिथेच पावसात उभं राहून त्यांनी मुलांच्या शिक्षिकेला सगळं सांगितलं, की खांब कुजलाय, मला ठाऊक होतं आणि तरी मी मुलांना वर नेलं. तेवढ्यात थर्लो धावत आले.

"विनी, मुलांसमोर कशाला बोललीस हे? माझ्या कानात सांगायचं होतंस."

"कानात सांगितलं होतं, सिरिल. एप्रिलमध्ये."

थर्लोंनी खिशातून किल्ली काढली आणि दाराला कुलूप घातलं.

आता घराला कुलूप आहे. तुळईखाली टेकू लावलेत, सिमेंट फोडून काढलंय. माझा कुजका पाय कापून नव्या ओकचा तुकडा जोडणार आहेत. राग गेला का म्हणाल, तर नाही गेला. एखादं मूल वरच्या मजल्याच्या फळ्यांखाली सापडलं असतं तर लोकांनी जुनं लाकूड दगाबाज म्हणून मलाच जाळलं असतं.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखं कोणी उभं असेल. त्याचं वय विचारत बसू नका, त्याच्यापुढे फोटो काढू नका. आधी खाली वाका आणि त्याचा पाय कोरडा आहे का ते बघा.