चांदणीची खुरं आणि मी

मित्रांनो, मी एक जुना काळा दगड आहे. दिसायला ओबडधोबड, अंगाने खरबरीत. पाथरवटाने मला डोंगरातून काढले, चार घाव घातले आणि गुळगुळीत करायचा कंटाळा केला. त्या कंटाळ्याचे मी आजही आभार मानतो.

तळवलीत शेवंताबाईंच्या कौलारू घराची मी पायरी होतो. त्यांच्या शेळ्या दिवसभर बांधावर, खडकावर हिंडत आणि संध्याकाळी परतल्या की माझ्यावर उड्या मारत. करडे तर एकमेकांना ढकलून माझ्यावर चढत. शेवंताबाई मला शेळ्यांचे सिंहासन म्हणत. ते ऐकून मी उगाच फुगत असे.

मग घर पाडून तिथे चार मजली इमारत उभी राहिली. शेळ्या गेल्या. त्या कळपातली एकटी चांदणी उरली, तेव्हा ती करडू होती. शेवंताबाईंनी तिला इमारतीखाली, गाड्यांच्या जागेत, गुळगुळीत लाद्यांवर बांधले. अंगाखाली रबरी चटई, पुढ्यात मका. मी शेजारीच होतो. पण "हिच्या पायाला लागंल" म्हणून शेवंताबाईंनीच मला भिंतीकडे सारायला लावले. तिथे मी त्यांच्या मुलाच्या, हरेशच्या गाडीच्या चाकाला लावायच्या कामी आलो. पायरीचा दगड चाकाखाली गेला. नशीब म्हणायचे, दुसरे काय.

वर्षे गेली आणि चांदणीची खुरं वाढत गेली. आधी पुढे लांबली, मग टोकाशी वर वळली, मोजडीसारखी. इमारतीतली मुले कौतुकाने फोटो काढत. चांदणी मात्र मागे रेलून चालू लागली, मग लंगडू लागली, शेवटी बसूनच खाऊ लागली.

"आई, म्हातारी झाली ती," हरेश म्हणाला. "रविवारी खाटिकाला बोलावतो. टेन्शन नको घेऊस."

शेवंताबाई चांदणीच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. मित्रांनो, दगडाला पाझर फुटतो म्हणतात ना, तो त्या दिवशी मला फुटला.

शेजारच्या सोसायटीचे वॉचमन बाजीराव तिथून चालले होते. मूळचे मराठवाड्याचे, लहानपणी शेळ्या राखलेले. ते थांबले, उकिडवे बसले आणि त्यांनी चांदणीचा पाय उचलून पाहिला.

"मावशी, ही म्हातारी नाय झाली. खुरं वाढलीत नुसती."

"येवरी मऊ जागा दिली, तरी?"

"मऊ दिली म्हनूनच. शेळी काय, म्हैस काय, हरीण काय, खूर नखावानी वाढतंच. खडकावर चाललं की झिजतं. लादीवर कसं झिजायचं?"

शेवंताबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच केलंय ह्या," त्या म्हणाल्या. "आता नीट होल काय?"

"एका दमात कापलं तर रगत येतं. थोडं थोडं कापू. दोन म्हैने द्या मला."

रविवारी खाटिक आला. शेवंताबाईंनी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवला.

बाजीराव दर पंधरा दिवसांनी येत. खुरं कोमट पाण्यात भिजवून झाडे छाटायच्या कात्रीने जरा जरा कापत. चौथ्या खेपेला चांदणी सरळ उभी राहिली. "आता हिला रोज खरबरीत काहीतरी पायजे," बाजीराव म्हणाले.

शेवंताबाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली.

"हरेश, गारी मागं घे. आपली पायरी हाय तिथं."

हरेशने पहार आणली आणि घाम गाळत मला चांदणीपुढे आणून ठेवले. पहिले काही दिवस तिने मला फक्त हुंगले. मग पुढचे दोन पाय टेकवले. आणि एका सकाळी चारही पायांनी माझ्यावर चढून ती ऐटीत उभी राहिली. मला फार आनंद झाला. आता रोज तिची खुरं थोडी झिजतात आणि थोडा मीही झिजतो. माझी काही तक्रार नाही.

मित्रांनो, माया करा, भरपूर करा. पण ज्याच्यावर माया करता, त्याचे पाय अधूनमधून उचलून बघत जा. हरेशच्या चाकाला आता वीट लावली आहे. मला वेळ नाही, माझ्यावर शेळी उभी आहे.