फेसाची नळी

डॉक्टरनं सांगितलं, "मनोहरराव, छातीतली धडधड कमी करायची असन तं घरी मासोळ्या पाळा अन् रोज अर्धा तास शांत पाहत बसा." मी कोराडीच्या पॉवर हाउसमधला माणूस, शांत बसणं मले कुठचं! त्यात हौस पाहा, गोड्या पाण्यातल्या सोडून समुद्राच्या केशरी मासोळ्या आणल्या. मुंबईच्या साडूनं, केशवनं, कॅन भरभरून समुद्राचं पाणी पाठवलं. दोनातली एक मागच्या सोमवारी मेली. दुसरी वर येऊन तोंड वासून राहिली होती, अन् माही धडधड दुप्पट झाली होती.

केशवचं पत्र आलं: टाकीले फेसाची नळी लाव. हवेच्या बुडबुड्यांसंग पाण्यातली घाण फेस होऊन वर चढते, वाटीत जमा होते. सीताबर्डीचा दुकानदार म्हणे, "अरे साहब, एक मछली के लिए? फिजूल है." आता कोणाचं ऐकू? प्लास्टिकची नळी कापाले घेतली, ठेवली. पुन्हा घेतली. चार दिवस हेच. बायको रुख्मिणी वैतागली, "मासोळी मरन तवा मरन, तुम्ही आधी मराल!"

शेवटी म्हटलं, आधी घाण येते कुठून ते तं पाहू. टाकीतला मागचा दगड उचलला. खाली कणकेचा आंबलेला लगदा! चिवडला तं कागदाची इवलीशी चिठ्ठी निघाली. पेन्सिलनं वाकडंतिकडं लिहिलं होतं, राम. मग तसल्या ढिगानं निघाल्या.

माही आई, तुळसाबाई, सही म्हटलं की अंगठा लावते. तिले लिहिता येते ते एवढंच.

"आई! हे काय करून राहिली वं तू?" मी ओरडलो. छाती अशी उडत होती की हातानं दाबून धरली.

आई घाबरली नाही. "कुहीच्या तलावावर मासोईले रामनामाच्या गोळ्या घालत होतो आम्ही. तुह्या छातीसाठी नवस बोलली हाये मी. सव्वा महिना, रोज पाच गोळ्या. आठ दिवस रायले."

"मंग मी तुले तलावावर नेतो ना!"

"तलावातली मासोई डॉक्टरनं सांगितली होती काय?"

राग होता, लय होता. गोळ्या बंद झाल्या की नळीचं काही काम नव्हतं, दुकानदार खरा होता. चार दिवस डोकं खाल्लेल्या गोष्टीचं उत्तर हातात होतं. मी सगळा लगदा काढला, अन् तरी करवत घेऊन नळी कापाले बसलो.

"आई, पाच नको. रोज एकच, अन् हरभऱ्याएवढी."

"तेवढ्यात चिठ्ठी मावन काय गा?"

"बारीक लिही."

संध्याकाळी नळीतून भुरकट फेस चढाले लागला. आई काचेले नाक लावून पाहत होती. "डाळीवरचा फेस काढतो तसंच हाये की हे," ती म्हणाली. मी खुर्ची ओढून तिच्या बाजूले बसलो.

"आठ दिवसांनी काढशीन काय नळी?"

"नाही," मी म्हटलं. "तू पुन्हा कायच्यासाठी तरी बोलशीनच."