ट्रेलरचं डावं चाक

गुलाबाची रोपं ट्रेलरमध्ये दाटीवाटीने उभी होती आणि नवऱ्याचा पुन्हा फोन आला, "निघालात का?" डोंगरापलीकडच्या पुष्पप्रदर्शनात टेबलं मांडायला तो पुढे गेला होता. रोपं आणायचं काम बायकोचं.

"ट्रेलरचे ब्रेक तपासते आणि निघते."

"अगं, विकणारा म्हणाला ना, चांगले आहेत!"

"तो म्हणणारच. त्याला जुना ट्रेलर विकायचा होता."

सासूबाई चपला घालून, छत्री घेऊन तयारच होत्या. "मी काय करू?" त्यांनी हौसेने विचारलं.

शेजारच्या वखारीमागचं मैदान सपाट आणि रिकामं होतं. सुनेने त्यांना कडेला उभं केलं. "आई, मी सावकाश येते. स्टिअरिंगशेजारचा खटका दाबला की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. तुम्ही चाकं बघा. दोन्ही अडली तर छत्री वर. एकच अडलं तर आडवी."

"आणि एकही नाही अडलं तर?"

"तर ओरडा."

तिने खटका दाबला आणि सासूबाई अशा ओरडल्या की वखारीचा राखणदार धावत बाहेर आला. ट्रेलर खुशाल मागून गाडीला ढकलत होता. सुनेने उतरून गाडीतून ट्रेलरला जाणाऱ्या वायरचा प्लग उपसला. आतल्या पिना गंजून हिरव्या पडल्या होत्या. त्या तिने पॉलिश पेपरने घासून लख्ख केल्या.

दुसऱ्या फेरीला छत्री वर गेली, आडवी झाली, पुन्हा वर गेली.

"आई, एक काय ते ठरवा!"

"अगं, वर केली ती उजव्या चाकाची. ते अडलंय. डावं मात्र मजेत फिरतंय!"

सुनेचा चेहरा उतरला. उतारावरच्या वळणात असा ट्रेलर एका बाजूला ओढला जाणार. तेवढ्यात फोन वाजला. तिने अडचण सांगितली. "एका चाकावर येईल की," नवरा म्हणाला. उन्हं चढत होती. क्षणभर तिलाही वाटलं, जावं तसंच.

सासूबाईंनी फोन हातातून घेतला. "रोपं उभी पोचवायची आहेत रे, आडवी नाही," त्या म्हणाल्या आणि फोन बंद केला.

सुनेने मेकॅनिकला बोलावलं. तो स्कूटरवरून आला, ट्रेलरखाली शिरला आणि तिथूनच हसायला लागला. उंदराने डाव्या चाकाची वायर कुरतडली होती. नवी वायर जोडून पुन्हा फेरी मारली, तर दोन्ही चाकं एकदम अडली आणि रोपांनी एकसाथ माना डोलावल्या. सासूबाईंनी जागच्या जागी उडीच मारली.

डोंगर उतरताना एका वळणावर बंद पडलेला ट्रक आडवा उभा दिसला. सुनेने ब्रेक लावला. ट्रेलर मागे सरळ रेषेत, मुकाट्याने थांबला.

"काय गुणाचा आहे गं!" सासूबाई म्हणाल्या.

प्रदर्शनात रोपं आल्याशिवाय जागा देत नव्हते, आणि मोक्याच्या जागा केव्हाच गेल्या होत्या. यांच्या वाट्याला बाहेर पडायच्या फाटकाजवळचा कोपरा आला. नवरा गाल फुगवून उभा होता. पण सगळं बघून झालेली, अजून काय घ्यावं ते न ठरलेली माणसं नेमकी तिथेच रेंगाळत होती. संध्याकाळपर्यंत ट्रेलर रिकामा झाला आणि नवऱ्याचे गालही खाली आले.

परतीच्या वाटेवर सासूबाई बराच वेळ सुनेच्या हातांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "उद्यापासून मला गाडी शिकव."

"ट्रेलर लावून की नुसती?"

"आधी नुसती," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "मग बघू."