धुक्यातल्या जावा

बंदरावरच्या मासळीबाजारात दोघी सख्ख्या जावा शेजारी शेजारी बसायच्या, पण एकमेकींशी अवाक्षर बोलायच्या नाहीत. सासूच्या आजारपणात कुणी जास्त केलं यावरून बिनसलं होतं. सासू केव्हाच सुटली, भांडण मात्र मागे राहिलं.

त्या हिवाळ्यात एक चित्रकारीण रोज पहाटे येऊन जाळ्यांच्या ढिगाशी बसू लागली. धुकं असं दाट, की होड्या पाण्यात आहेत की हवेत, कळू नये. माणसं कमरेच्या वर तेवढी दिसायची. आवाज आधी यायचा, माणूस मागून.

थोरली तिला म्हणाली, "बाई, मला काढ, पण या बयेला वगळ."

"मलाही तिच्या पंगतीला बसवू नका," धाकटीने हवेला सांगितलं.

"धुकं जे दाखवील ते काढीन," चित्रकारीण म्हणाली.

चित्र पुरं झालं आणि लिलावाच्या दालनात लागलं. सगळा बाजार बघून आला. थोरली मात्र भर दुपारी, दालन रिकामं झाल्यावर एकटीच गेली.

चित्रात दुधाळ उजेड होता. टोपल्यांतल्या बांगड्यांच्या पाठी निळ्या चमकत होत्या. बघता बघता तिच्या गालाला धुक्याचा ओलावा लागल्यासारखं झालं. मग तिला ती स्वतः दिसली. मान कलंडलेली, तोंड उघडं, गाढ झोपलेली. आणि शेजारून धाकटी हात लांब करून तिच्या टोपलीवरचा कावळा हाकत होती.

"मी झोपते?" ती पुटपुटली.

"रोज," मागून आवाज आला. धाकटी दारात उभी होती. "भावजी गेल्यापासून तुम्हाला रात्री झोप नाही. ठाऊक आहे मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर हट्टाने जाग्या राहिला असता."

थोरली पुन्हा चित्राकडे वळली. तिने विचारलं, "माझं नाक खरंच एवढं मोठं आहे?"

"तिने कमीच काढलंय, जाऊबाई."

दोघी हसल्या, आधी चोरून, मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर. चित्रासमोरच्या बाकावर टेकल्या. थोरली सासूबद्दल काहीतरी सांगू लागली, शब्द लांबत गेले, विरत गेले. तिचं डोकं धाकटीच्या खांद्यावर आलं.

धाकटी जागची हलली नाही.